आधी काय दळलंय?

गोरक्ष वडघुलेने आजवर पुष्कळ वेबसाइट बनवल्या होत्या आणि त्या सगळ्या मिळून एकाच माणसाने वापरल्या होत्या. तो माणूस म्हणजे गोरक्ष वडघुले.

ग्रंथालय, दवाखाना, मंगल कार्यालय, भांड्यांचं दुकान. दरवर्षी वर्गात दाखवायला तो एक नवी वेबसाइट रचायचा. सकाळी तोच पेशंट असायचा आणि दुपारी तोच डॉक्टर. स्वतःच वेळ मागायची, स्वतःच नाकारायची, मग पेशंट होऊन स्वतःवरच चिडायचं. "आज दवाखान्यात बरीच गर्दी होती," असं तो घरी येऊन बायकोला सांगायचा आणि साधना मेथी निवडता निवडता विचारायची, "म्हणजे कोण कोण? तुम्ही एकटेच, का तुम्ही दोनदा?"

नाशिकमध्ये इंदिरानगरच्या बोगद्यापासून जवळच असलेल्या एका कॉलेजात तो सर्व्हरवर चालणारे प्रोग्राम लिहायला शिकवायचा. तासिका तत्त्वावर. म्हणजे घंटा वाजली की तो शिक्षक, पुढची वाजली की जिन्यावरून उतरणारा एक गृहस्थ. प्राध्यापकांच्या नावांच्या फलकावर त्याचं नाव नव्हतं. ही उणीव त्याने आपल्या परीने भरून काढली होती. वर्षाच्या सुरुवातीला तो मुलांना एक तयार साचा द्यायचा. त्यात लॉगिनचं पान असे, आतली पानं असत, पानांना जोडणारं सगळं असे. मुलांनी त्यात आपापली भर घालून प्रोजेक्ट करायचा. त्या साच्याच्या प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, 'मार्गदर्शक : प्रा. गोरक्ष वडघुले', आणि पुढे त्याचा मोबाइल नंबर. त्या 'प्रा.'ला कुठल्याही विद्यापीठाची मान्यता नव्हती. पण अक्षर इतकं बारीक होतं, की विद्यापीठाला चष्मा लावूनही ते दिसलं नसतं.

"मध्ये काय हवं ते बदला," तो मुलांना बजावायचा, "माथ्याला आणि तळाला हात लावायचा नाही. तो पाया आहे. इतकी वर्षं चाललाय, एकदाही अडला नाही."

अडेल कसा? त्यावर चढलं होतं कोण?

शिकवायचा मात्र तो मनापासून. त्याचं लहानपण निफाडला वडिलांच्या पिठाच्या गिरणीत गेलं होतं आणि त्याला जे काही समजलं होतं ते गिरणीतूनच समजलं होतं. "सर्व्हर म्हणजे गिरणी," पहिल्याच तासाला तो फळ्यावर एक डबा काढायचा. डबा बरा जमायचा, गिरणी जमायची नाही. "तुम्ही गिऱ्हाईक. दळणाचा डबा आणून ठेवलात, ती झाली रिक्वेस्ट. आत पट्टा कसा फिरतो, जातं कसं चालतं, ते तुम्हाला दिसत नाही. तुम्हाला पीठ मिळतं. तो झाला रिस्पॉन्स. आणि डब्यावर नाव नसेल तर?"

"दुसऱ्याचं पीठ घरी," मुलं एका सुरात म्हणायची.

"ते डब्यावरचं नाव म्हणजे सेशन."

त्याच्यामागे मुलं त्याला गिरणीवाले सर म्हणायची. ते त्याला माहीत होतं आणि आवडतही होतं, पण आवडतं असं दाखवणं प्राध्यापकाला शोभलं नसतं.

गिरणीची आणखी एक गोष्ट तो सांगायचा, ती नुसती हसवण्यासाठी. शेजारपाजारच्या बायका डबा खाली ठेवण्याआधी विचारायच्या, "गोरक्ष, आधी काय दळलंय रे?" कारण आधी बाजरी दळली असेल तर जात्यात राहिलेली बाजरी पुढच्याच्या गव्हात उतरते आणि पोळ्या काळपट होतात. लहानगा गोरक्ष वडिलांकडे बघत, बिनदिक्कत सांगायचा, "गहूच होते, काकू." दुसऱ्या दिवशी त्या काकू काळी पोळी हातात धरून गिरणीच्या दारात उभ्या. वर्ग हसायचा आणि गोरक्ष पुढच्या मुद्द्याकडे वळायचा. जो मुद्दा शिकवायला हवा होता तो त्या हशातच मागे राहायचा, वर्षानुवर्षं.

मग अभ्यासक्रम बदलला. पीएचपी ही प्रोग्रामिंगची जुनी भाषा गेली, नोड आलं. गोरक्षने उन्हाळ्याच्या सुट्टीत आपला लाडका साचा ओळीमागून ओळ नव्या भाषेत आणला. घर बदललं तरी कपाट, पलंग आणि देव्हारा जुन्याच जागी मांडणारी माणसं असतात, त्यांतला तो. एकही ओळ वाया जाऊ दिली नाही, याचा त्याला केवढा आनंद झाला होता! साचा पूर्ण झाला त्या दुपारी त्याने स्वतः लॉगिन केलं. पडद्यावर आलं, 'नमस्कार, गोरक्ष.' त्यानेही मनातल्या मनात नमस्कार केला.

त्याच वर्षी सविता त्याच्या वर्गात होती. सुरगाण्याकडची. कॉलेजच्या वसतिगृहात राहायची, तिसऱ्या बाकावर बसायची आणि शंका विचारायची ती सगळे निघून गेल्यावर. तिची आई भागीबाई दर हंगामात टोळीबरोबर पिंपळगावकडच्या द्राक्षबागांवर तोडणीला यायची. तोडलेल्या मालाचे टेंपो द्राक्षं निवडून खोक्यांत भरणाऱ्या पॅकहाऊसच्या दारात उन्हात तासन्‌तास उभे असतात, हे सविताने लहानपणापासून पाहिलं होतं. तिने तोच प्रोजेक्ट घेतला. शेतकऱ्याने मोबाइलवर लॉगिन करायचं. माल आणायची त्याची वेळ त्याला दिसणार. मागच्या मालातले किती क्रेट घेतले, किती बाद झाले आणि का, तेही दिसणार. रांगच नको.

पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसच्या मालकांना, राकेशशेठना, तिने स्वतः जाऊन ते दाखवलं. शेठ हिशेबी माणूस, पण कान देऊन ऐकणारे. म्हणाले, "सोमवारी खऱ्या शेतकऱ्यांवर चालवून दाखव. चाललं, तर मंगळवारपासून ऑफिसात ये. नाही चाललं, तर माझी जुनी वही बरी."

सविताचं सगळं त्या सोमवारवर आलं. महिनाअखेर वसतिगृह सोडायचं होतं. तोवर काम मिळालं नाही तर घरी जायचं, आणि घरी मोबाइलची रेंज गावामागच्या टेकडीवर एका सागाखाली तेवढी यायची. "सर, झाडाखाली बसून कोण मला नोकरी देणार?" ती म्हणाली होती. ती हसत म्हणाली म्हणून गोरक्षही हसला. बाहेर आल्यावर त्याला वाटलं, हसायला नको होतं.

सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याबरोबर गेला. खरं तर त्याचं तिथे काहीच काम नव्हतं. पण आपला साचा इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माणसांत येणार, तर त्याच्या बारशाला आपण नको का? बसमध्ये त्याने मनात छोटंसं भाषणही जुळवलं. सुदैवाने ते कुणी मागितलं नाही.

पॅकहाऊसच्या आवारात टेंपो लागले होते. आत पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका घड निवडत होत्या; उघड्या दारातून गार हवा येऊन पायांवरून जात होती. बाहेर लिंबाच्या सावलीत शेतकरी मोबाइल काढून बसले होते. सविता एकेकाला नंबर आणि पासवर्ड टाकायला शिकवत होती.

पहिला मान रावजींनी घेतला. भारदस्त माणूस, पांढऱ्या मिशा, आवाज टेंपोच्या हॉर्नला मागे टाकणारा. माझ्या बागेतला एक मणी बाद होत नाही, असं ते हंगामभर चहाच्या टपरीवर सांगत आले होते. त्यांनी लॉगिन केलं आणि मोबाइल सगळ्यांपुढे धरला. "बघा! नमस्कार, रावजी म्हनतंय. वेळ बी दिली. इतक्या मानानं मला सोसायटीतबी कुणी बोलत नाय."

"तळाशीही बघा," गोरक्ष हळूच म्हणाला. रावजींनी बघितलं नाही.

मग लंकाबाईंनी लॉगिन केलं. रावजींच्या बांधाला बांध लागून त्यांची बाग. नवरा गेल्यावर त्यांनी ती एकटीने उभी केलेली आणि साखरेत त्यांच्या द्राक्षाचा हात कुणी धरत नव्हतं. त्यांचंही बरोबर आलं. नाव बरोबर, वेळ बरोबर. सविताच्या खांद्यांवरचा ताण थोडा उतरलेला गोरक्षला दिसला.

तेवढ्यात रावजींनी आपली वेळ पुन्हा बघायला बोट लावलं.

"अरे," ते म्हणाले. मग मोबाइल लांब धरून, मग जवळ धरून, "अरे! मी लंकाबाई कधी झालो?"

सावलीत एकच हशा उठला. "दादा, मिशा काढा आता!" कुणीतरी ओरडलं. रावजी तणतणत बाहेर पडले, पुन्हा नंबर टाकून आत शिरले. पुन्हा रावजी झाले. "हां, आता कसं!" पण आता लंकाबाईंनी आपलं पान उघडलं होतं आणि त्या ओठांवर पदर धरून हसत होत्या.

"काय झालं?"

"काय नाय, दादा. मी आता रावजी हे. आणि माझा लय माल बाद झालाय. साखर कमी म्हनं."

हशा थांबला आणि सगळे एकाच वेळी खाली मान घालून आपापल्या मोबाइलकडे बघू लागले. रावजींचा चेहरा जांभळ्या द्राक्षासारखा झाला. त्यात फाटकापाशी दोन टेंपो एकमेकांसमोर येऊन थांबले. दोन्ही चालक मोबाइल दाखवत होते आणि दोघांच्याही मोबाइलवर सावळीराम या एकाच शेतकऱ्याचं नाव आणि एकच वेळ होती. खरा सावळीराम तिसऱ्याच टेंपोत बसून आपण नेमके कोण, हे कळायची वाट बघत होता.

राकेशशेठ ऑफिसातून बाहेर आले. "सविता, हे काय चाललंय?"

सविता लॅपटॉप छातीशी धरून एकदा रावजींकडे, एकदा फाटकाकडे बघू लागली.

कधी नव्हे तो गोरक्ष पुढे झाला. आणि प्रयोगशाळेत आयुष्यभर जे वाक्य त्याच्या कामी आलं होतं, तेच त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतोय."

शेठनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "नेटवर्क माणसाचं नाव बदलतं का, सर?"

तेवढ्यात गोरक्षच्या खिशातला फोन वाजला. अनोळखी नंबर. काहीतरी कारण मिळालं म्हणून त्याने तो घाईने उचलला.

"हॅलो, प्राध्यापक वडघुले का?" आवाज फोनमधूनही येत होता आणि पाठीमागूनही. "मार्गदर्शक तुमीच ना? खाली बारीक लिवलंय. तुमच्या यंत्रानं मला बाई केलंय आणि बाईला मी केलंय. ह्येचं मार्गदर्शन कोन करनार?"

"रावजीदादा," गोरक्ष म्हणाला, "मी तुमच्या पुढेच उभा आहे."

रावजींनी फोन कानाला तसाच ठेवून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्ये प्राध्यापक?" ते फोनमध्ये म्हणाले.

इतकी वर्षं ती ओळ कुणीतरी वाचावी अशी त्याची इच्छा होती. वाचली.

लिंबाखाली माणसांची एकमेकांना विचारपूस चालू होती. तुझ्या आधी कुणी उघडलं? माझ्या आधी? सावळीरामने. मग तू सावळीरामच दिसनार ना. ज्याने शेवटी लॉगिन केलं, त्याचं नाव सगळ्यांच्या मोबाइलवर. गोरक्ष ऐकत उभा होता आणि त्याच्या नाकात अचानक गरम पिठाचा वास आला. काळपट पोळी हातात धरून काकू दारात उभ्या. गहूच होते, काकू.

"सविता," तो म्हणाला, "आत चल. लॅपटॉप उघड."

ऑफिसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर तिने फाइल उघडली. अगदी माथ्याला, सगळ्या कामांच्या बाहेर, एक ओळ होती. आत्ता कोण आलंय त्याचं नाव ठेवायचा एकुलता एक डबा. सविताने त्यावर बोट ठेवलं होतं. तिलाही कळलं होतं. बहुधा त्याच्या आधीच.

"ही ओळ तुमच्या साच्यातली आहे, सर," ती हळू आवाजात म्हणाली. "मी हात नव्हता लावला. तुम्ही म्हणाला होतात, माथ्याला आणि तळाला..."

"म्हणालो होतो."

जुन्या भाषेत त्या ओळीने कधीच त्रास दिला नव्हता. तिथे प्रत्येक डब्यासाठी नवी गिरणी उभी राहायची आणि दळण झालं की मोडून जायची. आधीचं पीठ उरायला जातंच नसायचं. नव्या भाषेत गिरणी एकदा सुरू झाली की दिवसभर तीच, सगळ्यांना मिळून. गोरक्षने हे पुस्तकात वाचलं होतं. वर्गात शिकवलंही होतं, परीक्षेला चार गुणांसाठी विचारलंही होतं. फक्त आपल्या साच्याला ते लागू होतं असं त्याच्या मनात आलं नव्हतं, कारण त्याच्या गिरणीत तो एकटाच डबा घेऊन यायचा. आधीही गोरक्ष, नंतरही गोरक्ष. भेसळ झाली तरी कळणार कुणाला?

राकेशशेठ दारात येऊन उभे होते. "चूक कुणाची?"

"तळाशी लिहिलेलंच आहे," गोरक्ष म्हणाला, "फोन नंबरासकट."

शेठ हसले नाहीत. "मला हसवू नका, सर. बाहेर माल उन्हात हे. आज रावजीदादांची अब्रू गेली. भर सीझनात पुन्हा असं झालं तर मी कुणाला विचारायचं? तुम्ही नाशिकला, ही सुरगाण्याला."

सविता टाइप करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पुन्हा काही झालं तर मी इथे असायला पाहिजे, शेठ. म्हणून तर मला ठेवा."

एवढं नेमकं वाक्य गोरक्षला कधी सुचलं असतं, तर आज त्याचं नाव फलकावर असतं. किंवा नसतंही. पण मागितलं तरी असतं.

"आधी चालवून दाखव," शेठ म्हणाले.

तिने माथ्याची ओळ काढून टाकली. ज्याचं नाव त्याच्या डब्यावर, असं प्रत्येकाचं सेशन वेगळं केलं. गोरक्षने शेजारी बसून, चष्मा नाकावर घेऊन, एकेक ओळ तपासली आणि सवयीने म्हणाला, "झालं. मी लॉगिन करून बघतो."

"नको, सर," सविता म्हणाली. "तुम्ही एकटे नको."

ती बाहेर गेली. "रावजीदादा, लंकाबाई, सावळीरामदादा, इकडे या. सगळ्यांनी एकदमच उघडायचं. एकमेकांच्या मध्ये मध्ये."

"मी नाय," रावजी म्हणाले. "एकदा बाई झालो तेवढं लय झालं."

"या हो, दादा," लंकाबाईंनी जागा करून दिली. "चुकून माझं नाव लागलं तर माझी साखर तरी मिळंल तुमाला."

पहिल्यांदा रावजींच्या मिशा हलल्या. "तुझी साखर नगं मला, वैनी. तुझ्या बांधावरच्या चिमण्या तेवढ्या आवर. सगळ्या माझ्याच बागेत." आणि ते येऊन बसले.

तिघांनी मिळून, आलटून पालटून, एकमेकांना ढोपरं मारत बोटं लावली. आत, बाहेर, पुन्हा आत. रावजी रावजीच राहिले. लंकाबाई लंकाबाई. सावळीरामला आपण सावळीराम असल्याचं कळलं आणि तो आपला टेंपो फाटकाकडे घेऊन निघाला. गोरक्ष मागे उभा राहून बघत होता. आपण बनवलेल्या वस्तूला तीन माणसं एकदम हात लावतायत, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं. भाषण त्याला आठवलंही नाही.

शेठनी घड्याळ पाहिलं, मग फाटकाकडे पाहिलं. तिथे एकच टेंपो होता. "मंगळवारी नको," ते म्हणाले. सविताचा चेहरा उतरला. "उद्या मी मुंबईला हे. परवापासून ये."

मंगळवार म्हणजेच उद्या, हे लक्षात यायला तिला क्षण लागला. मग ती वळली आणि आत, निवडणीच्या बायकांच्या पलीकडच्या खिडकीपाशी जाऊन तिने आईला फोन लावला. ती तिच्या बोलीत बोलत होती. गोरक्षला शब्द कळले नाहीत, हसू कळलं.

ती परत आल्यावर तो म्हणाला, "सविता, एक काम कर. ती तळाची ओळ काढून टाक."

"'मार्गदर्शक' काढते, सर. आणि 'प्रा.'ही काढू?"

"काढ."

"नाव आणि नंबर राहू दे. त्याच्याआधी 'मदतीसाठी' लिहिते." तिने जराही न हसता विचारलं, "अक्षर मोठं करू का? रावजीदादांना बारीक दिसत नाही."

हंगाम उतरेपर्यंत तो नंबर गोरक्षला सोसावा लागला. पासवर्ड विसरलेले फोन करायचे. पासवर्ड आठवलेलेही, आठवला म्हणून सांगायला. एकदा तो नव्या तुकडीला सेशनच शिकवत असताना रावजींचा फोन आला.

"सर, उद्याची वेळ दिलीय. पन ढग आलेत. माल तोडू का थांबू?"

"दादा, ते पॅकहाऊसला विचारा. सविता आहे ना तिथे."

"तिला इचारलं. ती थांबा म्हनली. तुमचं काय मत?"

सगळा वर्ग कान टवकारून ऐकत होता. गोरक्षला द्राक्षातलं ओ की ठो कळत नव्हतं. "सविता म्हणते तसंच करा," तो मोठ्या आवाजात, विचार केल्यासारखा म्हणाला. पलीकडून समाधानाचा हुंकार आला.

त्याने फोन ठेवला आणि फळ्यावर अर्धवट राहिलेली गिरणी पुसून टाकली. पुढच्या बाकावरच्या दोन मुलींना त्याने उभं केलं. "मोबाइल काढा. हो, वर्गात. दोघींनी एकाच वेळी लॉगिन करा. आणि मग मला सांगा," तो म्हणाला, "आधी काय दळलंय?"

कुणी हसलं नाही. त्यांना ती गोष्ट अजून माहीत नव्हती. या वेळी ती हसण्यासाठी सांगायची नव्हती, पण सांगताना त्यालाच हसू फुटलं.

संध्याकाळी साधना ओट्याशी होती. "काय, आज गर्दी होती का?"

"दोघी होत्या," तो म्हणाला. "आणि मी नव्हतो त्यांत."